वाळलेला पाला आणि पोर्क : शाओशिंगच्या घरातला एक पदार्थ

सुतावरून

२०१५ ते २०१९ ही चार वर्षं मी कामानिमित्त चीनमध्ये होते, झेजियांग प्रांतातल्या शाओशिंग शहराच्या केछाओ भागात. कापडाच्या धंद्यातल्यांना केछाओ कुठे ते सांगायला नको. तिथल्या कापडबाजारामुळे आपली माणसं तेव्हा हजारोंनी तिथे राहत होती, भारतीय खाणावळीही होत्या. डाळभात आयता मिळायचा, त्यामुळे पहिले सहा महिने मी चिनी घरचं जेवण चाखलंच नाही.

ते चाखायला लावलं घरमालकिणीनं. साठी उलटलेली बाई. तिला सगळे 'आयी' म्हणत. चिनीत आयी म्हणजे मावशी, पण मला पहिल्या दिवसापासून त्यात आपली आईच ऐकू आली. एका थंडीच्या संध्याकाळी तिनं जेवायला बोलावलं आणि एक खोलगट वाडगा पुढे ठेवला. वर लालसर काळे पोर्कचे तुकडे, खाली काळाभोर, बारीक चिरलेला, तेलानं चकाकणारा पाला. मी मांस वेचून खाल्लं आणि तो पाला मसाल्याचा चोथा समजून बाजूला सारला. आयी काही बोलली नाही. तिनं चॉपस्टिकनं तो पाला उचलला, माझ्या भातावर ठेवला आणि त्यावर दोनदा हलकेच थोपटलं.

तो पाला म्हणजे मेईगानत्साय. मोहरीच्या कुळातली पालेभाजी मीठ लावून आंबवायची आणि उन्हात वाळवायची. चव सांगायची तर थोडी आमसुलाच्या आसपासची आंबूस, थोडी गोडसर, आणि मागे भाजलेल्या चहाच्या पानासारखा वास. शाओशिंगचे लोक आपल्या गावाच्या तीन काळ्या गोष्टी मोजतात : काळ्या छपराची होडी, काळी नमद्याची टोपी आणि हा काळा पाला.

मला या धाग्यात मुख्य सांगायचंय ते एवढंच की हा पदार्थ मांसाचा नाही, पाल्याचा आहे. मांस आहे ते पाल्याला चरबी पाजायला. वाळलेला पाला चरबी पितो, मांस पाल्याचा खार आणि वास घेतं. म्हणून चरबीचं मांस असूनही खाताना तोंड मिटत नाही. बिनचरबीचं मांस घेतलं की पाला कोरडा, दोऱ्यासारखा राहतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

आता कृती. आयीची घरगुती पद्धत आधी देते, कारण ती सोपी आहे.

पोर्क बेली (पोटाकडचं मांस) कातडीसकट ७०० ग्रॅम, सुका पाला ८० ग्रॅम, खडीसाखर ३० ग्रॅम, साधा सॉय सॉस २ मोठे चमचे, गडद सॉय सॉस १ मोठा चमचा, शाओशिंगची तांदळाची वाइन अर्धी वाटी, आल्याच्या चार चकत्या, एक चक्रीफूल. मीठ अजिबात नाही.

पाला कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. मग हातानं उचलून दुसऱ्या पाण्यात टाका, पाणी ओतून टाकू नका, कारण वाळू तळाशी बसलेली असते आणि ओतताना परत पाल्यात येते. असं तीन-चार वेळा. शेवटच्या पाण्याच्या तळाला बोट फिरवून बघा. कचकच लागली तर अजून एकदा. शेवटी घट्ट पिळा.

मांसाचे दोन सेंटिमीटरचे चौकोन करा. थंड पाण्यात टाकून उकळी आणा, वरचा फेस काढा, निथळा. कोरड्या कढईत मंद आचेवर परता. स्वतःचीच चरबी सुटते, वेगळं तेल लागत नाही. खडीसाखर, आलं, चक्रीफूल, दोन्ही सॉय, वाइन आणि मांस जेमतेम बुडेल इतकं गरम पाणी घालून झाकून ४० मिनिटं शिजवा. दुसऱ्या कढईत पिळलेला पाला आधी नुसताच परता, पाणी आटू द्या, मग मांसावरची दोन-तीन पळ्या चरबी त्यावर घाला. पाला चरबी घेतो ते दिसतं. मातकट रंगाचा असतो तो बघता बघता काळा आणि ओलसर होतो.

मग वाडग्यात पाला, मांस, पाला, मांस असे थर, उरलेला रस वरून, आणि दीड तास वाफेवर. आयी दुसऱ्या दिवशी तोच वाडगा परत वाफवायची, तिसऱ्या दिवशीही. तिच्या मते पहिल्या दिवशी तो पदार्थ झालेलाच नसतो.

फोटो रात्री टाकते. शंका विचारा.

बावखल

वाचनखूण साठवली. मी वसईचा, आमच्याकडे पोर्क सणालाच नाही तर एरवीही होतं, त्यामुळे मांसाबद्दल दोन गोष्टी सांगतो. पुण्या-मुंबईत पाकिटातलं पोर्क बहुतेक कातडी काढून येतं. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, 'पोटाकडचं, कातडीसकट, एकसंध'. कातडीवर बारीक केस राहतात, ते गॅसच्या आचेवर फिरवून जाळायचे आणि सुरीच्या पात्यानं खरवडायचे. कातडी जरा पिवळी पडते, तेवढंच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव वाढते हे वाचून घरचं सरपोतेल, म्हणजे पोर्कचं आंबट-तिखट कालवण, आठवलं. आई ते सणाच्या दोन दिवस आधी करून ठेवते आणि रोज एकदा गरम करते. सणादिवशी कोणी नवखं म्हणालं की ताजं आहे ना, तर तिला राग येतो.

एक शंका : 'खौरौ' नावानं जे हॉटेलात मिळतं, लांब कापांचं, घुमटासारखं रचलेलं, ते हेच का?

सुतावरून

@बावखल, केस जाळायचं मी लिहायलाच विसरले, आभार. चिनीत या मांसाला 'वूह्वारौ' म्हणतात, म्हणजे पाच फुलांचं मांस, चरबी आणि मांसाच्या एकाआड एक थरांवरून.

खौरौ म्हणजे याचंच जेवणावळीतलं रूप. 'खौ' म्हणजे उपडं करणं, 'रौ' म्हणजे मांस. त्यात तुकडा अख्खा अर्धा तास उकडायचा, कातडी पुसून कोरडी करायची, सुईनं किंवा काट्यानं टोचून टोचून भोकं पाडायची, गडद सॉय चोळायचा आणि कातडी खाली करून तेलात तळायची. लगेच पाण्यात बुडवायची. फुगलेली कातडी पाण्यात सुरकुतते आणि तिला वाघाच्या अंगासारखे पट्टे येतात. मग पाऊण सेंटिमीटरचे काप, कातडी वाडग्याच्या तळाकडे, वर परतलेला पाला दाबून भरायचा आणि दोन तास वाफ. शेवटी ताटलीनं दाबून धरून रस एका भांड्यात काढून घ्यायचा आणि वाडगा ताटात उपडा करायचा. पाला खाली जातो, कातडी वर येते. काढलेला रस थोड्या कॉर्नफ्लोअरनं दाट करून वरून ओतायचा.

रस आधी काढणं चुकवू नका. तसंच उपडं केलं की चरबीचा गरम रस मनगटावरून ओघळतो.

मधुमालती

आणि कातडी तळताना? मी युट्यूब बघून एकदा केलं होतं. कातडी ओली होती, तेलात टाकल्यावर फटाक्यासारखं उडालं, मनगटावर अजून तीन डाग आहेत. त्यानंतर हात लावायचं धाडस झालं नाही.

दुसरं, दोन तास गॅस जाळणं परवडत नाही. कुकरला किती शिट्ट्या?

सुतावरून

@मधुमालती, डाग वाचून वाईट वाटलं गं. कातडी पुसून झाल्यावर अर्धा तास पंख्याखाली ठेव, सॉय चोळून पुन्हा दहा मिनिटं. तेल फक्त कातडी बुडेल इतकंच, तुकडा थंड तेलात कातडी खाली करून ठेवायचा, झाकण लावायचं आणि मग आच सुरू करायची. आत तडतड चालू असेपर्यंत झाकण उघडायचं नाही. तडतड थांबली की आच बंद, दोन मिनिटं थांब, मग उघड. आणि खरं सांगू, घरच्यासाठी तळूच नकोस. आयीनं चार वर्षांत एकदाही कातडी तळली नाही.

कुकर चालतो. वाडग्यावर स्टीलची ताटली, कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून ३५ ते ४० मिनिटं. वाफ आपोआप जाऊ दे. मांस मऊ होईल. पण कुकरमध्ये रस आळत नाही, म्हणून नंतर शिट्टी काढून आणखी २० मिनिटं नुसती वाफ दे. कातडीतलं चिवट द्रव्य विरघळून रसाला जो चिकटपणा येतो, ओठ एकमेकांना चिकटतात तो, तो वेळेनंच येतो.

मी मोदकपात्र वापरते, पण पोर्कसाठी वेगळं घेतलंय. सासूबाईंचं मोदकपात्र गणपतीचं आहे, ते याला लावणार नाही.

पाऊसवेडी

सिंगापूरहून. इकडे हा पदार्थ हक्का लोकांचा म्हणून ओळखला जातो, कँटोनीज बोलीत 'मुई छोय काउ युक'. आपल्याला हक्का म्हटलं की नूडल्स आठवतात, पण हक्का हा एक मोठा समाज आहे. नावाचा अर्थच 'पाहुणी घराणी'. उत्तरेकडून पिढ्यान्‌पिढ्या सरकत सरकत दक्षिणेच्या डोंगराळ भागात वसलेले. जिथे जागा बदलावी लागते तिथे टिकणारी भाजी लागते, म्हणून खारवणं-वाळवणं त्यांच्या स्वयंपाकात मुरलेलं आहे. कोलकात्याच्या टेंग्रा भागातले चिनीही बहुतेक हक्काच, ग्वांगदोंगमधल्या मेईश्यानकडचे. आपल्या गाडीवरच्या नूडल्सना त्यांचंच नाव लागलं.

इकडचा पाला शाओशिंगसारखा खडखडीत सुका नसतो. ग्वांगदोंगमधल्या हुईचौचा पाला अख्ख्या जुड्यांनी, ओलसर, मिठाचे खडे लागलेला मिळतो. गोड आणि खारा अशा दोन जाती असतात. मी अर्धा-अर्धा घेते. खारा तासभर भिजवून पाणी दोनदा बदलते, नाहीतर घशाखाली उतरत नाही. मसाल्यात लाल आंबवलेला टोफू एक वडी कुस्करून घालतात, त्यानं रंग आणि एक मुरलेला वास येतो. पाल्याऐवजी अळकुडीसारख्या मोठ्या कंदाचे काप मांसाच्या कापांत एकाआड एक लावूनही करतात. सणाला आणि लग्नाच्या पंगतीत हे असतंच.

@सुतावरून, नावातल्या 'मेई'चा अर्थ आलुबुखार ना? पण त्यात ते फळ मला कधी दिसलं नाही.

सुतावरून

सुंदर प्रतिसाद, @पाऊसवेडी. फळ नसतंच. 'मेई' या उच्चाराची दोन वेगळी अक्षरं आहेत, एकाचा अर्थ त्या फळाचा आणि दुसऱ्याचा बुरशी. शाओशिंगमध्ये हे नाव बुरशीच्या अक्षरानंही लिहितात, फळाचं अक्षर दिसायला बरं म्हणून जास्त रुळलं. जूनमधल्या तिथल्या संततधार पावसालाही या दोन्ही अक्षरांनी लिहितात. तेव्हा फळं पिकतात आणि घरात कपड्यांनाही बुरशी येते. केछाओत मी त्या महिन्यात कापडाचे नमुने प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे.

सिचुआनकडे यीबिनची 'यात्साय' नावाची खारवलेली भाजी घालून असंच करतात. म्हणजे एकच कल्पना, प्रत्येक मुलखाची भाजी वेगळी.

नागझिरा

मी शाकाहारी, पण वाळवणाचं वाचून थांबले. आमच्या विदर्भात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवून ठेवतात आणि उन्हाळ्यात त्याची डाळ घालून भाजी करतात. तो पाला यात चालेल का? आणि मांसाशिवाय याचं काय होतं?

सुतावरून

@नागझिराताई, हरभऱ्याचा पाला आंबवलेला नसतो, नुसता वाळवलेला असतो. त्याची चव छानच, पण वेगळी. इथे जो खोल वास लागतो तो आंबवण्यानं येतो.

मांसाशिवाय मात्र भरपूर होतं. आयी आठवड्यातून दोनदा तरी हा पाला वांग्याच्या लांब फोडींवर पसरून वाफवायची, वरून कडकडीत तेल. बटाट्यातही घालायची. फक्त तेल सढळ हवं, पाल्याला ते लागतंच.

तिस्ता

नोकरीनं सहा वर्षं गंगटोकला काढली, म्हणून लिहितोय. ज्यांना चिनी पाला मिळत नाही त्यांच्यासाठी गुंद्रुक हा सगळ्यात जवळचा पर्याय. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे मोहरीचा, मुळ्याचा, फ्लॉवरचा पाला कोमेजवून, ठेचून, भांड्यात गच्च दाबून आंबवतात आणि मग वाळवतात. पुण्या-मुंबईत ईशान्येकडच्या मुलांची दुकानं आहेत तिथे पाकिटं मिळतात.

फरक एवढाच की गुंद्रुकमध्ये मीठ नसतं आणि ते चांगलंच आंबट असतं. मी गेल्या हिवाळ्यात पोर्कबरोबर केलं. भिजवताना पाणी तीनदा बदललं, साखर दीडपट घातली आणि एक चमचा सॉय वाढवला. आंबटपणा राहिला थोडा, पण चरबीबरोबर तो खटकला नाही. उलट भातावर मजा आली.

ब्रह्मगिरी

वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. खारवलेला पाला, वर दोन सॉस. त्यांना द्यावं का?

सुतावरून

@ब्रह्मगिरी, खरं सांगायचं तर हा पदार्थ खारटच आहे, त्याला मोठ्या वाडग्यानं खाण्याची सोयच नाही. शाओशिंगमध्येही दोन तुकडे आणि चमचाभर पाला मोठ्या वाडगाभर भाताबरोबर खातात, चव भाताला लावायची असते. वडिलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

@तिस्ता, गुंद्रुकची माहिती अनमोल. मी जानेवारीत पाला घरीच केला, त्याचं सविस्तर लिहायचं राहिलंच होतं.

बाजारात सरसोंची भाजी येते ती चार किलो आणली, दांड्यासकट. धुऊन दोरीवर दोन दिवस टांगली, जुडी हातात वाकली पाहिजे, मोडता कामा नये. मग फडक्याखाली ढीग करून एक दिवस ठेवली, पानं पिवळी पडू लागली. बोटभर चिरली, वजन केलं आणि किलोला ४० ग्रॅम खडेमीठ लावून परातीत चोळली. दहा मिनिटांनी हिरवं पाणी सुटतं, तोवर चोळायचं. तळहात झोंबतात. चिनी मातीच्या बरणीत मूठमूठ घालून मुठीनंच ठासली, वर स्वच्छ धुतलेला दगड. पाणी पाल्याच्या वर राहिलंच पाहिजे.

आयी सांगायची, वीस दिवसांआधी बरणीला हात लावायचा नाही. अर्धवट आंबलेल्या भाजीत सुरुवातीच्या दिवसांत नायट्राइट हे अपायकारक द्रव्य वाढलेलं असतं, नंतर उतरतं, हे मी पुढे वाचलं. ती मात्र ते आजीकडून आलेलं म्हणून पाळायची. पाण्यावर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका, पण काळी, हिरवी, गुलाबी बुरशी दिसली तर मोह न धरता सगळं फेका.

एकविसाव्या दिवशी उघडली. झाकण काढल्याबरोबर वास आला आणि मी तिथेच ओट्याशी उभी राहिले. केछाओच्या जिन्यात दर वसंतात हाच वास असायचा, प्रत्येक मजल्यावर बांबूच्या सुपांतून पाला पसरलेला.

पिळून गच्चीवर चार दिवस वाळवला. मग अर्धा तास वाफवून पुन्हा दोन दिवस ऊन दिलं, त्यानं काळा रंग आला. चार किलोचा जेमतेम पाव किलो झाला. इचलकरंजीच्या कोरड्या हवेत तिथल्यापेक्षा लवकर वाळतो. कोकणात करणाऱ्यांनी पावसाळ्याच्या आत उरका.

मधुमालती

वाइन कुठून आणायची?

सुतावरून

शाओशिंग हे त्या वाइनचंच गाव, त्यामुळे तिला तोड नाही. मोठ्या शहरांत चिनी सामानाच्या दुकानात मिळते. नसेल तर ड्राय शेरी. तीही नसेल तर वाइन वगळ, आलं वाढव. व्हिनेगर घालू नकोस, पाल्याची आंबूस चव त्याखाली दबते.

बावखल

काल रविवारी केलं. गुंद्रुक घेतलं, तिस्तांच्या सूचनेप्रमाणे साखर वाढवली. आयींच्या पद्धतीनं चौकोन, कातडी न तळता. शनिवारी रात्री दीड तास वाफवलं, काल दुपारी परत तासभर.

आईला चिनी म्हटलं की गाडीवरचं लाल रंगाचं वाटतं, म्हणून ती आधी बसलीच नाही. मग नुसता वास आला म्हणून आली. तिनं एक तुकडा खाल्ला, कातडी दाबून बघितली, 'शिजलंय' म्हणाली. नंतर मी बघतोय तर ती मांस बाजूला सारून खालचा पाला भातात कालवतेय. दुसऱ्यांदा भात घेतला तोही पाल्यासाठीच. वाडग्यात सात-आठ तुकडे मांस उरलं आणि पाला संपला.

तिचा निरोप आहे, पुढच्या वेळी पाला दुप्पट घाल.

सुतावरून

आईंना माझा नमस्कार सांगा. ७०० ग्रॅम मांसाला १२० ग्रॅमपर्यंत पाला चालतो, त्यापुढे चरबी पुरत नाही. मार्चच्या आधी सरसोंची भाजी मिळेल तितकी आणा, माझी दुसरी बरणी आज भरून झाली.